विचारा बिनधास्त: रेझरच्या फटीची भानगड

मागच्या अंकात मी सहज लिहून बसलो की पाच पात्यांची महागडी कार्ट्रिजं सोडून मी परत जुन्या एका ब्लेडच्या सेफ्टी रेझरवर आलोय, तर मेसेजचा ढीगच पडला आणि त्यात निम्म्याहून जास्त लोकांना एकच गोष्ट छळतेय, ब्लेड गॅप, म्हणजे ब्लेडची धार आणि तिच्याखालची पट्टी यांच्यातली फट. म्हणून सोलं का काळी पडतात आणि पावसात कपाटाला वास का येतो वगैरे मंडळींनी एक अंक थांबा, आज फक्त दाढी.

प्रश्न: ऑनलाईन बघून ०.९५ मिलिमीटर गॅपचा रेझर मागवला, "एका हातात (एकदाच फिरवून) दाढी गुळगुळीत" असं लिहिलेलं. पहिल्याच दिवशी मानेवर चार ठिकाणी रक्त. बाबांचा जुना रेझर आहे, दांडी फिरवली की वरचे दोन दरवाजे उघडतात तो, त्याने काहीच कापत नाही पण दोन दिवसांची दाढी असली तर धड निघतही नाही. दोघांत ब्लेड एकाच पाकिटातलं. मग फरक कशाचा? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: तुझ्या पत्रावरून वय पंचविशीच्या आतलं वाटलं म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे. आता असं कर, दोन्ही रेझर ब्लेड लावलेले घेऊन खिडकीपाशी जा आणि डोळ्यासमोर आडवे धर. खालच्या प्लेटच्या कडेने एक आडवी पट्टी दिसेल, तो सेफ्टी बार, आणि तिच्यात आणि ब्लेडच्या धारेत जी उजेडाची रेघ दिसते तो गॅप. बाबांच्यात ती रेघ केसासारखी बारीक असेल, तुझ्यात चांगली ठसठशीत. ब्लेड स्वतः असतं ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे तुझ्या फटीत तसली नऊ ब्लेडं एकावर एक ठेवून वर अजून अर्ध्याची जागा उरते.

आता होतं काय, रेझर खाली ओढला की आधी बार कातडीवरून जातो आणि तिला ताणतो, मागून धार येते. मधल्या फटीत कातडी जराशी फुगून वर येते. फट लहान तर फुगायला जागाच नाही, धारेला फक्त केस मिळतो, तोही अर्धामुर्धा. फट मोठी तर केस मुळापाशी मिळतो, फेसही तुंबत नाही, पण कातडी पण मिळते. गालावर खाली हाड-दात असतात म्हणून तिथे चालून जातं, मानेवर सगळं मऊ आणि सैल, त्यात कंठमणी, म्हणून तुझी चारही कापलेली जागा तिथेच.

पण सगळं पाप गॅपच्या माथी मारू नकोस. कंपासपेटीतली पट्टी घे आणि टोपीच्या, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाच्या, कडेला आणि बारला एकदम टेकवून बघ (जपून रे), धार त्या पट्टीच्या आत राहतेय, पट्टीला लागतेय, का बाहेर डोकावतेय? याला एक्स्पोजर म्हणतात आणि माझ्या मते चावण्याचं निम्मं उत्तर इथेच असतं. ०.९ चा रेझर धार आत ठेवून गरीब गाय असू शकतो आणि ०.६ चा धार बाहेर काढून डसू शकतो. वेबसाईटवाले गॅपचा आकडा छापतात कारण तो छापायला सोपा, एक्स्पोजर फारसं कोण सांगत नाही. तिसरी गोष्ट पकड. टोपी आणि प्लेट यांनी ब्लेड धारेच्या जितकं जवळ दाबून धरलंय तितकं ते थरथरत नाही. कडेला लांबपर्यंत मोकळं असेल तर राठ केसावर ते गिटारच्या तारेसारखं हलतं आणि मग दाढी झाल्यावर रक्त नसतं पण दिवसभर आग होते.

रेझर फेकून देऊ नकोस. कार्ट्रिजने आपल्याला दाबायची सवय लावलीय, ती मोठ्या गॅपला अजिबात चालत नाही. दांडी शेवटाला दोन बोटांत धर, रेझरच्या डोक्याचं वजन असतं तेवढंच पडू दे, दांडी गालाशी साधारण तीस अंशावर. मानेवर उलटा हात बंद, केस ज्या बाजूला झोपतात त्याच बाजूला दोनदा. रोजच्याला बाबांचा वापर. हा दांडगोबा ठेव श्रावण संपल्यावर, महिनाभर न केलेली दाढी काढायला. तेव्हा तुला त्याची किंमत कळेल, कारण लहान गॅपच्या रेझरमध्ये लांब केस आणि फेस मिळून असा चिखल होतो की दर ओढीला नळाखाली धरावा लागतो.

प्रश्न: माझे मामा तारवटी होते, त्यांनी बोटीवर असताना कुठल्यातरी बंदरातून घेतलेला जिलेटचा रेझर आता माझ्याकडे आलाय. मानेशी एक कडं आहे त्यावर १ ते ९ आकडे. हे मिलिमीटरचे दशांश समजायचे का? आणि किती नंबरावर ठेवू? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: नशीबवान आहात, आणि मामांना चांगल्या वस्तूची पारख होती. जिलेटने १९५८ मध्ये असा १ ते ९ चा ॲडजस्टेबल काढला, दांडी जाड म्हणून लोक त्याला फॅटबॉय म्हणतात, नंतर सडपातळ दांडीचेही आले, तुमचा कुठला ते दांडीवरून बघा. आकडे मिलिमीटर वगैरे काही नाहीत, पंख्याच्या रेग्युलेटरसारखे नुसते नंबर, वाढवला की प्लेट खाली सरकते आणि फट वाढते. दुसऱ्या कंपनीच्या ५ शी तुमच्या ५ ची बरोबरी लावू नका.

सुरुवात ३ ने करा, आठवडाभर काही त्रास नाही आणि हनुवटीखाली खुंट लागतायत असं वाटलं तर ४, मग ५. मी स्वतः ९ एकदाच लावून बघितलाय, त्या दिवशी तुरटीचा खडा हातातून खाली ठेवता आला नाही. जाणकार लोक दोन नंबर वापरतात, पहिला हात ६-७ ला म्हणजे मोठे केस उडतात आणि दुसरा हात २-३ ला, शांतपणे. आणि एक सांभाळा, नंबर फिरवायच्या आधी खालची दरवाजे बंद करणारी कळ किंचित सैल करा मग फिरवा, नाहीतर आतल्या जुन्या स्प्रिंगवर जोर येतो आणि ती गेली की भाग कुठे मिळणार.

प्रश्न: म्हापशाला माझं दुचाकींचं गॅरेज आहे. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) घरचंच. त्याने रेझरचा गॅप मोजता येईल ना? माझ्या रेझरची एक बाजू चावते आणि दुसरी नाही, डोकं फिरलंय. (एक मेकॅनिक वाचक)

उत्तर: अहो तुम्हीच तर या सदराला हवे होता! तुम्ही स्कूटरच्या प्लगला ०.६, ०.७ लावता ना, बहुतेक लोकांना रोजच्या दाढीला सोसणारा गॅपही तिथेच कुठेतरी असतो, त्यामुळे तुमच्या डोळ्याला माप आधीच बसलेलंय. मोजा पण वापरून टाकायचं ब्लेड लावून मोजा, गेजची पट्टी घासली की धारेचा जीव जातो. पट्टी अलगद सरकली पाहिजे, ब्लेड वर उचललं जाता कामा नये, नाहीतर पाहिजे तो आकडा मिळतो. आणि एका जागी नको, दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकं आणि मध्य, अशी सहा मापं घ्या.

तुमचं दुखणं बहुतेक तिथेच सापडेल. माझ्याकडे एक स्वस्तातला रेझर होता, कुणाचा ते जाऊ दे, त्याची एक बाजू ०.५ आणि दुसरी ०.८ निघाली, दांडी एक आणि रेझर दोन! तो ओतकामातलाच दोष होता, पण पुष्कळदा ब्लेडच तिरकं बसलेलं असतं. दांडी एक आटा सैल करा, टोपीच्या आखूड बाजू, जिथे धार नाही तिथे, बोटांत धरून टोपी प्लेटवर नीट दाबा आणि दाबलेली असतानाच दांडी आवळा. परत मोजा. फरक तसाच राहिला तर टोपी अर्धा फेरा फिरवून लावा, चावरी बाजू टोपीबरोबर फिरली तर दोष टोपीत, नाही फिरली तर प्लेटमध्ये. हे तुम्हाला मी काय सांगू, गॅरेजात रोज हेच करता.

गॅप वाढवायला काही जण जुन्या ब्लेडच्या दोन्ही धारा पक्कडीने तोडून तो तुकडा चांगल्या ब्लेडच्या खाली शिम म्हणून घालतात, साधारण ०.१ ने वाढतो. चालतं, मी केलंय. पण दांडीच सैल ठेवून गॅप वाढवायचा जो सल्ला फिरतो तो बऱ्याचशा आताच्या रेझरना लावू नका, ब्लेड डुगडुगतं आणि मग चेहरा सांगतो.

प्रश्न: मिस्टरांना वाढदिवसाला सेफ्टी रेझर द्यायचाय, आयुष्यभर कार्ट्रिजच वापरलंय त्यांनी. किती गॅपचा घेऊ? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: ताई, ०.५ ते ०.७ च्या मधला घ्या, दुकानदार "जेंट्सना अ‍ॅग्रेसिव्हच (मोठ्या गॅपचा) लागतो" म्हणाला तरी ऐकू नका. दाढी राठ का मऊ हे नक्की माहीत नसेल आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर बदलत्या प्लेटांचा मिळतो, रॉकवेलच्या सेटमध्ये ०.२० पासून ०.७९ पर्यंत सहा गॅप येतात, एकेका प्लेटच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा, घरबसल्या प्रयोग. फार छोटा गॅपही देऊ नका हां, लोकांना वाटतं छोटा म्हणजे सुरक्षित, पण केस निघत नाहीत म्हणून माणूस दाबतो, त्याच जागेवरून पाच-पाच वेळा फिरवतो आणि कातडी सोलते ती सोलतेच. सोबत दोन-तीन वेगळ्या कंपन्यांची ब्लेडची पाकिटं द्या, एकाच रेझरात ब्लेड बदललं की स्वभाव बदलतो. आणि पहिली दाढी रविवारी करायला सांगा, पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर, चहा पिऊन, सोमवारी बस पकडायच्या घाईत नको.

प्रश्न: गॅप मोठा असला की ब्लेड जास्त दिवस टिकतं का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: नाही. जुलैत आपल्याकडे बाथरूममध्ये ठेवलं तर गॅप कितीही असो, गंज काही सोडत नाही. पाणी झटका आणि रेझर बाहेर खोलीत ठेवा.