लेझर झालेल्या बाळाला मोठेपणी नीट दिसेल का?

ताई, तुमचं बाळ 29 आठवड्यांत झालं, नागपूरला दोन्ही डोळ्यांना आरओपीचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला होणाऱ्या आजाराचं, लेझर झालं आणि 'मोठेपणी दिसेल का' असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. लेझर मी करत नाही, पण लेझर झालेली लेकरं पुढे माझ्याकडेच येतात.

लेझर वेळेत झालं आणि पडदा जागेवर राहिला, तर बहुतेक मुलांना शाळेत जाण्याइतपत, वाचण्याइतपत दिसतं. पडद्याच्या ज्या कडेला रक्तवाहिन्या पोचलेल्या नसतात, ती कड लेझरने जाळतात. त्यामुळे बाजूची नजर थोडी कमी होऊ शकते. आपण वाचतो तो मधला भाग वाचवण्यासाठीच हे करावं लागतं.

खरं नुकसान पुढे घरी होतं. या मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण जास्त आहे, कधीकधी वर्षाच्या आतच मोठा नंबर निघतो. मग आजी म्हणते, "एवढ्याशा लेकराले चष्मा कायले?" आणि चष्मा फडताळात जातो. फार वाईट वाटतं मला. लहानपणी पडद्यावर चित्र स्पष्ट पडलं नाही तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही, आणि सात-आठ वर्षांनंतर ते भरून काढणं फार अवघड जातं. तिरळेपणाही याच मुलांत जास्त दिसतो. एका डोळ्याला पट्टी सांगितली तर बाळ रडलं तरी बांधा.

आणि तपासणी पाचव्या वाढदिवसाला संपत नाही. अमेरिकेत 1986 साली सुरू झालेल्या क्रायो-आरओपी अभ्यासातली मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंत तपासली गेली. तेव्हा लेझरऐवजी गोठवण्याचा उपचार होता. दहा ते पंधरा वर्षांच्या वयातही त्यांच्यातल्या काही डोळ्यांचा पडदा नव्याने सुटला. म्हणून शाळकरी वयातही दरवर्षी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्या, कापूस वेचणी सुरू असली तरी. काळे ठिपके, चमक किंवा डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं दिसतं असं मूल म्हणालं, तर त्याच दिवशी निघा.

लेझरबरोबर डोळ्यात इंजेक्शनही दिलं होतं का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. दिलं असेल तर आजार काही महिन्यांनी पुन्हा उलटू शकतो, तेव्हा पुढची तारीख अजिबात चुकवू नका. थेंब टाकून नंबर काढला असेल तर तो इथे लिहा.