कोळंबी प्रकल्पाने सल्लागार करार मध्येच मोडला, आता मागायचं काय?

प्रश्न : माझी मुलगी मत्स्यविज्ञानाची पदवीधर आहे. देवगड तालुक्यातल्या एका कोळंबी प्रकल्पाशी तिने १ नोव्हेंबरपासून वर्षाचा सल्लागार करार केला. महिना ३५ हजार, अनामत २५ हजार. मालक पुण्याचे. ३१ मार्चला त्यांचा व्हॉट्सॲप आला, ‘काम समाधानकारक नाही, उद्यापासून येऊ नका.’ फेब्रुवारी-मार्चची बिलं थकलीत. उरलेल्या सात महिन्यांचे पैसे मिळतील का? कामगार न्यायालयात जावं का? दोन वर्षं दुसऱ्या कोळंबी प्रकल्पात काम करायचं नाही, असंही करारात आहे. तिने ही लाइन सोडावी का? – एक पालक, वेंगुर्ले

उत्तर : नमस्कार. कराराची प्रत जोडलीत हे बरं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नवव्या कलमातच आहे : ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन कुणीही कारणाशिवाय करार संपवू शकतो. असं कलम असलं की सात महिन्यांच्या २ लाख ४५ हजारांवर डोळा ठेवू नका. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये भरपाई नोटिशीच्या ३० दिवसांपुरतीच धरली होती.

मग मागायचे किती? थकलेली दोन बिलं ७० हजार, नोटिशीच्या महिन्याचे ३५ हजार, अनामत २५ हजार. एकूण १ लाख ३० हजार. एप्रिलमध्ये तिला दुसरं काम मिळालं असेल तर ती कमाई ३५ हजारांतून वजा होऊ शकते. मालक ‘समाधानकारक नाही’ म्हणतील, पण दहाव्या कलमाप्रमाणे दोष लेखी कळवून सुधारायला १५ दिवस द्यायला हवे होते. तसं काही झालेलं दिसत नाही.

इथे तिची तळ्याची नोंदवही सोन्याच्या मोलाची. विरघळलेला प्राणवायू, पीएच, क्षारता, चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्लं ते तपासायच्या ताटलीत) उरलेलं खाद्य, हे सगळं तारखेनिशी असेल तर कोळंबीत मर आल्याचं खापर सल्लागारावर फोडणं सोपं जात नाही. वही प्रकल्पावर राहिली असेल तर नोंदींचे मोबाइलवर पाठवलेले फोटो शोधा. चॅट पुसू नका, फोन बदलू नका.

कामगार न्यायालयाचा रस्ता सहसा कर्मचाऱ्यांसाठी. तिची हजेरी नव्हती, ती स्वतः बिलं देत होती, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका. आधी १५ दिवसांची मुदत देणारी मागणी नोटीस वकिलामार्फत स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. फुकट वकील हवा असेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

तिची उद्यम नोंदणी (छोटा व्यवसाय म्हणून सरकारकडे होणारी नोंद) करारापूर्वीची आहे का, हे पत्रात नाही. असेल तर छोट्या व्यावसायिकांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेचा रस्ता उत्तम. सेवा स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं. मालक पुण्याचे असले तरी सेवा देणाऱ्याच्या ठिकाणची परिषद प्रकरण घेते. नोंदणी आता केलीत तर जुन्या बिलांना लाभ मिळेलच याचा भरवसा नाही. तरी पुढच्या कामासाठी करून ठेवा, सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे. परिषद नाही जमली तर दिवाणी दावा. त्याची मुदत साधारण तीन वर्षं. करारात लवादाचं कलम असेल तर ते वकिलाला आधीच दाखवा.

दोन वर्षांच्या बंदीची धास्ती घेऊ नका. करार संपल्यानंतरची अशी बंदी भारतीय करार कायद्याच्या २७व्या कलमाने निरर्थक ठरते. मालकाची गोपनीय माहिती मात्र दुसरीकडे नेऊ नये.

लाइन सोडण्याचं कारण मला दिसत नाही, करार बदलायला हवा. व्हेनामी जातीच्या कोळंबीचं एक पीक साधारण १०० ते १२० दिवसांचं असतं, तिथे ३० दिवसांची नोटीस म्हणजे ऐन पिकात हात वर करायची मुभा. पुढच्या करारात ‘बीज सोडल्यानंतर काढणीपर्यंत करार मोडायचा झाल्यास त्या पिकाचं पूर्ण मानधन’ असं लिहून घ्या, मानधनाचा एक हप्ता बीज सोडायच्या आधी मागा, आणि अनामत देऊच नका. सल्ला देणाऱ्याने अनामत कशापायी ठेवायची?