जुन्या संगणकाला सिरियल पोर्ट जोडताना

हॅम रेडिओ संगणकाला जोडायला सिरियल पोर्ट हवा असेल, तर त्याचं कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा. बऱ्याच जुन्या मदरबोर्डवर कॉम पोर्टचा (म्हणजे सिरियल पोर्टचा) हेडर, म्हणजे केबल लावायच्या पिनांचा संच, रिकामाच असतो. केबलवाली पट्टी लावली की पोर्ट तयार. फक्त पिनांची जुळणी दोन प्रकारची असते, तेव्हा मॅन्युअल बघूनच केबल घ्या.

तेवढ्याने भागत नसेल तर कार्ड. स्लॉट पीसीआय आहे की पीसीआय एक्सप्रेस ते बघा, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. फारच जुनं, आयएसए कार्ड असेल तर कॉम १ आणि कॉम ३ या दोघांनाही सहसा एकच आयआरक्यू ४ (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी लाइन) मिळतो. एकावर रेडिओ, दुसऱ्यावर टीएनसी (पॅकेट रेडिओचा मोडेम) लावलात की भांडण ठरलेलं!

यूएसबी अडॅप्टर? कॅट कंट्रोलला (संगणकावरून रेडिओ चालवायला) खुशाल वापरा. पण एफएसकेने (फ्रीक्वेन्सी बदलून) आरटीटीवाय, म्हणजे रेडिओ टेलिटाइप, करायचं तर ५ बिटांची अक्षरं आणि ४५.४५ बॉडचा वेग लागतो, आणि ते अनेक अडॅप्टरना जमत नाही. तिथे खरा पोर्टच हवा.

आयकॉम रेडिओच्या सीआय-व्ही जॅकला (त्यांच्या कॅट कंट्रोलच्या जॅकला) पोर्ट थेट जोडू नका. तो जॅक ५ व्होल्टवर चालतो, आरएस-२३२ (सिरियल पोर्टचा सिग्नल) मात्र उणे-अधिक १२ पर्यंत जातो. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर लागतोच.

आणि हे मला फार उशिरा कळलं: संगणक सुरू होताना सिरियल पोर्टच्या आरटीएस, डीटीआर या कंट्रोल लाइन वर-खाली होतात. पीटीटी (रेडिओला ट्रान्समिटमध्ये नेणारा स्विच) त्यांच्यावर असेल तर रेडिओ आपोआप ट्रान्समिटमध्ये जातो. माझा एकदा अँटेना न जोडताच गेला होता. म्हणून आधी संगणक, मग रेडिओ.