जालन्यातील जुन्या जिनिंगचा काळ कसा शोधावा?

प्रश्न : आमच्या पणजोबांचे जालन्यातील जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना, 'निजामाच्या काळात, सगळ्यांच्या आधी' सुरू झाले, असे घरात सांगतात. मराठवाड्यातील पहिल्या गिरण्या केव्हा उभ्या राहिल्या, आणि आमच्या जिनिंगचा काळ कसा ठरवावा? — एक वाचक, जालना

उत्तर : घरातील आठवण मोलाची असते, परंतु निजामाची राजवट 1724 ते 1948 अशी सव्वादोनशे वर्षांची असल्यामुळे तेवढ्यावरून काळ ठरत नाही. पाण्याच्या जोरावर चालणारे यंत्र आपल्याकडे फार पूर्वीपासून होते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीसाठी डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले होते आणि तिच्यावर फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. कापसाची यंत्रे आली ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याच औरंगाबादेत 1889मध्ये सूतकताई व विणकामाची गिरणी उभी राहिली आणि तिने सुमारे सातशे माणसांना काम दिले. त्या वेळी शहरात रेल्वे नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे अवजड यंत्रे तेथवर आणण्याच्या कष्टांची कल्पना येते.

जालन्याचे खरे वळण 1900मध्ये रेल्वेबरोबर आले. कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश सरकी असते. त्यामुळे सरकी गावाजवळच काढून, रुईच्या गाठी दाबून, त्या रेल्वेने मुंबईला पाठवणे व्यापाऱ्याला परवडू लागले. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत एकट्या जालन्यात नऊ जिनिंग व गाठी दाबण्याचे पाच प्रेस असल्याची नोंद मिळते. आपले जिनिंगही बहुधा त्याच लाटेतले असावे, असे मला वाटते. मात्र सीमेपलीकडच्या वऱ्हाडात, खामगावला, 1870मध्येच रेल्वे पोहोचली होती. म्हणून आपल्या घराण्याचा व्यापार आधी तिकडे होता का, हे वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे.

यंत्राच्या ओतीव लोखंडी अंगावर कारखानदाराचे नाव आणि कधीकधी सालही असते. ते पाहावे, परंतु यंत्र जुने विकत घेतलेले असू शकते, म्हणून ते यंत्र त्या सालाच्या आधी तेथे बसलेले नाही, एवढाच निष्कर्ष त्यावरून काढावा. जागेची मालकी सेतवारात आणि खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या महसुली नोंदींत, शोधावी. संस्थानी दफ्तर मुंबईत नसून मुख्यतः हैदराबादच्या अभिलेखागारात आहे आणि त्यातील बराच भाग उर्दूत आहे, तेव्हा जुनी लिपी वाचणारा माणूस सोबत असावा. तेथे उद्योग खात्याबरोबरच करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, कागदही मागावेत, कारण संस्थानाच्या हद्दीबाहेर जाणारा माल त्या खात्याच्या नाक्यांवरून जात असे. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतले, असेल तर त्यात 590 मिळवावेत. 1310 फसली म्हणजे साधारण 1900–01. फसली वर्ष आणि इंग्रजी वर्ष एकाच दिवशी सुरू होत नसल्याने कागदावर महिना असेल तर तोही उतरवून घ्यावा, नाहीतर एका वर्षाची चूक सहज होते.