नाशिकचं हॉटेल, स्टेटमेंटवर ॲमस्टरडॅम: माझं कार्ड कोणी वापरलंय का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. मामेभावाच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांसाठी तुम्ही मोबाइलवरून मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या, ६,२०० रुपयांना. आता क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर त्या हॉटेलचं नावच नाही. ६,२०० च्या पुढे 'बीकेजी' आणि ॲमस्टरडॅम, त्याखाली ६२ आणि ११.१६ अशा दोन बारक्या ओळी, आणि दोन दिवसांनी कुठल्याशा एलएलपीच्या, म्हणजे भागीदारीतल्या कंपनीच्या, नावावर ३,१००. कार्ड हॅक झालंय का, ब्लॉक करू का, असं तुम्ही विचारताय.

लगेच ब्लॉक करू नका. बँकेचं ॲप उघडून कार्डाचा परदेशी ऑनलाइन वापर तेवढा बंद करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेने ही बटणं ग्राहकाच्या हातात द्यायला लावली आहेत, काम मिनिटाचं आहे. ब्लॉक केलं की कार्डाचा नंबर बदलतो, वीजबिलापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत जे जे त्यावरून आपोआप जातं ते अडतं, आणि नवं कार्ड हातात येईपर्यंत तुम्ही खोळंबता. त्याची वेळ आली तर ब्लॉक आहेच.

मी नाशिकमध्येच एका हॉटेलचे हिशेब बघते. 'हे कसले पैसे कापलेत तुम्ही?' असे फोन आमच्याकडे नेमाने येतात, आणि शिर्डीहून परत गेलेले पाहुणे त्यात फार. बहुतेक वेळा पैसे आमच्याचकडचे निघतात, फक्त स्टेटमेंटवरचं नाव वेगळं असतं. स्टेटमेंटवर छापलं जातं ते पैसे घेणाऱ्याचं नाव, म्हणजे ज्याचं खातं स्वाइप मशीनला किंवा पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या यंत्रणेला) जोडलंय त्याचं. तुम्ही कुठे झोपलात याच्याशी बँकेला घेणंदेणं नसतं. तुमचं 'बीकेजी' म्हणजे बुकिंग डॉट कॉम ही खोल्या बुक करायची साइट. तिचं मुख्यालय ॲमस्टरडॅमला आहे, तशाच अगोडा या साइटचं सिंगापूरला. तुम्ही साइटलाच पैसे भरले तर स्टेटमेंटवर तीच येणार, मग खोली नाशिकची असो नाहीतर नागपूरची. साइट तिचं कमिशन कापून हॉटेलला मागाहून देते, पुष्कळदा एका तात्पुरत्या व्हर्च्युअल, म्हणजे नुसता नंबर असलेल्या, कार्डावरून. त्यामुळे आमच्या रिसेप्शनवर तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे कितीही वेळा सांगितले तरी पोरांना काही सापडायचं नाही. बुकिंग नंबर सांगा, लगेच सापडेल.

आता त्या बारक्या ओळी. ६२ म्हणजे ६,२०० चा बरोबर १ टक्का. ११.१६ म्हणजे त्या ६२ वरचा १८ टक्के जीएसटी. रक्कम रुपयांत असली तरी पैसे घेणारा परदेशात नोंदलेला असेल तर काही बँका अशी फी लावतात. परकीय चलनात पैसे गेले असते तर बहुतेक कार्डांवर हीच फी साधारण २ ते साडेतीन टक्के झाली असती, वर जीएसटी वेगळाच. चोर असला हिशेब मांडत बसत नाही, फी लावणारी तुमची बँकच आहे. तेव्हा ६,२०० च्या व्यवहाराबद्दल मी निश्चिंत आहे. ईमेलमध्ये बुकिंगची पावती शोधा. रक्कम आणि तारीख जुळली की तो विषय मिटला. तारखेत एखाद-दोन दिवसांचा फरक चालतो, कारण व्यवहाराचा दिवस आणि बँकेत नोंद पडण्याचा दिवस एकच असतो असं नाही.

खरा प्रश्न ३,१०० चा. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं बरोबर तेवढंच होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझा अंदाज असा की पाहुण्यांपैकी कोणीतरी एक रात्र जास्त राहिलं आणि काउंटरवर तुमचं कार्ड टेकवलं गेलं. २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता नुसतं कार्ड टेकवून पैसे जातात. लग्नघरच्या गडबडीत कार्ड कोणाच्या हातात होतं हे कोणाला आठवतंय! आणि एलएलपीचं म्हणाल तर आमच्या हॉटेलची गंमत सांगते. दारावरच्या बोर्डावर एक नाव, जीएसटीच्या बिलावर दुसरं, आणि एका स्वाइप मशीनच्या स्लिपवर अजून मालकांच्या जुन्या रेस्टॉरंटचं. त्यातच नावाला जागा असते जेमतेम बावीस-पंचवीस अक्षरांची, म्हणून 'हॉस्पिटॅलिटी'चं 'हॉस्पि' होतं आणि लोक आम्हाला विचारतात, कोणत्या दवाखान्याचे हो हे पैसे?

अंदाजावर थांबायचं नाही, पडताळायचं कसं ते सांगते. आधी त्या दिवशीचा बँकेचा एसएमएस काढा आणि वेळ बघा. सकाळी दहा-अकराची, म्हणजे चेकआउटची वेळ असेल तर उत्तर तिथंच आहे. मग कार्डामागच्या नंबरवर फोन करून बँकेला दोन गोष्टी विचारा: व्यवहार मशीनवर झाला की ऑनलाइन, आणि व्यापाऱ्याचा एमसीसी काय. एमसीसी म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा चार आकडी कोड. ७०११ म्हणजे हॉटेल-लॉज, ४७२२ म्हणजे ट्रॅव्हल एजन्सी. हे दोन्ही त्यांच्या स्क्रीनवर असतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मशीनवर झालेला आणि ७०११ निघाला तर हॉटेलला फोन लावून तारीख, रक्कम आणि त्या व्यवहाराचा सहा आकडी ऑथ कोड, म्हणजे बँकेच्या मंजुरीचा कोड, द्या. स्लिपची कॉपी मागितलीत तर मिळते, आम्ही तरी व्हॉट्सॲपवर पाठवतो. ऑनलाइन निघाला तर घरात विचारा. भारतातल्या साइटवर नव्याने कार्ड वापरायचं तर ओटीपीसारखी आणखी एक खात्री लागते, म्हणजे ओटीपी कोणाच्या तरी मोबाइलवर आलेला असणार. परदेशातले सगळे व्यापारी तो मागत नाहीत. म्हणूनच तुम्हाला आधी परदेशी वापर बंद करायला सांगितला.

यातलं काहीच जुळलं नाही तर मात्र त्याच फोनवर 'हा व्यवहार माझा नाही' असं सांगा, कार्ड ब्लॉक करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात यासाठी मुदती घालून दिल्या. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही. चार ते सात कामाचे दिवस झाले तर मर्यादित जबाबदारी, ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचं धोरण. लोक नेमके इथे फसतात. त्यांना वाटतं दिवस स्टेटमेंट आल्यापासून मोजायचे, पण एसएमएस आला तीही सूचनाच, आणि तो तर व्यवहार झाला त्याच मिनिटाला येतो. म्हणून पडताळणी आजच उरका, रविवारवर ढकलू नका. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती का होईना जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आधी फोन, बाकी सगळं नंतर.

एक गोष्ट कृपा करून करू नका. त्या एलएलपीचा किंवा साइटचा 'कस्टमर केअर नंबर' गुगलवर शोधू नका. तिथे पेरून ठेवलेले खोटे नंबर असतात, आणि रिफंड देतो म्हणून समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावतो. नंबर ॲपमधून किंवा पावतीवरूनच घ्या. दुसरा प्रकार याहून बेरकी आहे. एखाद्या हॉटेलचं बुकिंग साइटवरचं लॉगिन चोरतात आणि पाहुण्यांना मेसेज टाकतात, 'कार्ड पुन्हा व्हेरिफाय करा, नाहीतर बुकिंग रद्द'. नाव, तारीख, बुकिंग नंबर सगळं खरं असतं, म्हणून भलेभले लिंक दाबतात. तुम्हाला असा मेसेज आला होता का, आठवून बघा. आला असेल आणि तुम्ही कार्डाची माहिती भरली असेल, तर ॲमस्टरडॅमपेक्षा मला त्याची काळजी वाटते. अशा वेळी कार्ड सरळ ब्लॉकच करा, कारण स्वतः ओटीपी दिलेल्या व्यवहाराला बँक 'अनधिकृत' मानायला सहज तयार होत नाही आणि वरच्या तीन दिवसांचा आधार डळमळतो. यात्रेकरूंच्या नावाने चालणाऱ्या बनावट बुकिंग साइटबद्दल केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. आपल्याकडे तर ३१ ऑक्टोबर २०२६ पासून सिंहस्थ आहे, तेव्हा त्र्यंबकच्या खोल्या शोधणाऱ्या नातेवाइकांनाही एवढं कानावर घाला.

बिल भरायची तारीख जवळ असेल तर ३,१०० सोडून उरलेलं भरून टाका. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत बँकेने आकार लावायचा नसतो. पण तक्रार न नोंदवता नुसते पैसे अडवून धरलेत तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसेल.

६२ आणि ११.१६ विसरून जा, ते नियमानेच गेलेत. पुढच्या वेळी साइटवर भाव बघा आणि हॉटेलला थेट फोन करा. साइटला आम्ही पंधरा-वीस टक्के कमिशन देतो, त्यामुळे थेट येणाऱ्या पाहुण्याला त्यातले थोडे सोडायला मालक एरवी तयार असतात. लग्नाच्या तारखांना मात्र नाहीत.