पाडव्याला कुलाबा किल्ला का हुकला, आणि यंदा अलिबाग ते मालवण कसं जावं

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन दुपारी साडेबाराला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलात, समोर कुलाबा किल्ला आणि मध्ये छातीभर पाणी. फोनवर तर किल्ल्याच्या कार्यालयाने सांगितलं होतं, ‘किल्ला सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उघडा’. हाच फोन, हेच उत्तर आणि हाच मनस्ताप आमच्याही वाट्याला आलेला आहे. खोलीचं आगाऊ भाडं गेलं ते वेगळंच. आता यंदा दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग ते मालवण किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हणताय, तर हॉटेलं, रस्ते, पेट्रोल पंप हे सगळं इथे बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मी पाण्याबद्दल लिहितो.

त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. एकाला धरून उपयोगही नाही, सगळीकडे हीच तऱ्हा आहे. किल्ला एका खात्याकडे, होड्या दुसऱ्याकडे, पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, तिसऱ्याकडे. किल्लावाल्याला विचारलं तर तो दरवाजाची वेळ सांगणार. ती खोटी नसतेच. दरवाजापर्यंत जाणारी वाट केव्हा पाण्याखाली जाते, हे त्याच्या कागदावर नाही, म्हणून तो सांगत नाही. होडीवाल्यांचं विचारलं की ‘ते आमच्याकडे येत नाही’. अहो, खिडकीतून मान बाहेर काढली तर समुद्र दिसतो! भिंतीवर भरती-ओहोटीचं एक वेळापत्रक लावायला किती खर्च येतो? असो. अशा ठिकाणी ‘उघडा आहे का’ हा प्रश्नच विचारू नका. ‘त्या तारखेला ओहोटी किती वाजता, आणि पायी जाता येतं का’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर फोन ठेवा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा टपरीवाल्याला गाठा. त्यांचं पोट त्यावर आहे, ते मिनिटांत सांगतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही भाऊबीजेला गेला असतात तरी दुपारी तेच झालं असतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, सहाच्या आसपास ओहोटी. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, पाडवा प्रतिपदेचा, भाऊबीज द्वितीयेची. म्हणजे दिवाळीत अलिबागचा समुद्र दर वर्षी ऐन दुपारी तुडुंब असतो. पुण्याहून सकाळी आवरून, खोपोली-पेणमार्गे, वाटेत वडापाव खाऊन निघालेलं कुटुंब नेमकं त्याच वेळी पोचतं.

यात आणखी एक मेख आहे, ती फार कोणी सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही खोल, वाळू पूर्ण उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी फारसं चढत नाही, तसं पुरतं उतरतही नाही. त्यामुळे ‘दुपारी बाराची ओहोटी’ ऐकायला सोयीची वाटली तरी अलिबागला ती नेहमी भांगाचीच असणार, आणि त्या दिवशी मधल्या पट्ट्यात पाणी राहण्याची शक्यता जास्त. कोरड्या वाळूतून जायचं असेल तर सकाळी लवकर, आणि प्रतिपदा ते चतुर्थी या दिवसांत. या हिशेबाने द्वितीयेला ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास, तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ. संध्याकाळचीही ओहोटी असते, पण पाडवा-भाऊबीजेला ती सातच्या पुढे. अंधारात कोण जाणार, आणि दरवाजाही बंद झालेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा. भाऊबीज बहिणीकडे नीट साजरी करा, संध्याकाळी निघून अलिबागला मुक्काम करा आणि तृतीयेला सकाळी सातला किनाऱ्यावर हजर व्हा. ओहोटीच्या वेळेआधी तासभर चालायला लागायचं आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात परतीला लागायचं. किल्ल्यावर गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याचा तलाव आहे, उत्तरेला सर्जेकोट आहे. आंग्र्यांच्या आरमाराची ही गादी, बघायला दीड तास सहज लागतो. पण ‘अजून पाच मिनिटं’ करत बसू नका. पाणी दोन्ही बाजूंनी येतं आणि घोट्याचं गुडघ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. अनवाणी जाऊ नका, खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपांनी पाय कापतो. चप्पल नको, पट्ट्याची सँडल घाला. वडिलांना चालवत नसेल तर घोडागाडी करा, मात्र परतीची वेळ गाडीवाल्याशी आधीच पक्की करून घ्या.

पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे हे लक्षात ठेवा. तिथीचा क्षय-वृद्धी धरला तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, त्यात वेळेबरोबर पाण्याची उंचीही बघा. अलिबागसाठी ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असेल तर वाट बहुधा मोकळी. दीड-दोन मीटर असेल तर पायी जायचा विचार सोडा. मुंबईचं कोष्टक अलिबागला जवळपास चालतं, मालवणला ते लावू नका. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते आणि चढ-उतारही कमी होत जातो. आणि तिथल्या माणसाने ‘आज नको’ म्हटलं तर माझं हे सगळं लिखाण बाजूला ठेवा.

पुढे मुरूड. वाटेत रेवदंडा आणि कोर्लई लागतं. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात आजही पोर्तुगीजातून निघालेली बोली घराघरात बोलली जाते. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, बोली राहिली. जरूर थांबा. पण लोकांसमोर मोबाइल धरून ‘जरा बोलून दाखवा ना’ म्हणू नका, फार ओशाळवाणं दिसतं ते.

जंजिऱ्याला राजपुरीहून होडीने जायचं. होड्या मे अखेरीपासून पावसाळाभर बंद असतात आणि नंतरही हवा बघूनच सोडतात, त्यामुळे दिवाळीत अवेळी पाऊस असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा. सकाळचीच होडी धरा. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उठतात आणि किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी हातभर वर-खाली होते. आईला उतरवताना होडी वर येईल तेव्हाच पाऊल टाकायला सांगा, एका हाताने होडीवाल्याचा दंड धरायचा, दुसरा हात मोकळा. पिशव्या नंतर. किल्ल्यावर थांबायला वेळ मोजकाच देतात, म्हणून कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढण्यात तो घालवू नका, आधी वर तटावर जा. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून दगड टाकत सेतू बांधायला घेतला होता. तटावरून मधलं पाणी बघितलं की ते काम केवढं होतं ते कळतं. गाइडच्या गोष्टी ऐका, मजेदार असतात, मुलांना प्रकल्पात मात्र लिहू देऊ नका.

आगरदांडा ते दिघी गाडीसकट जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने. पुढे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड असे तीन टप्पे तसेच. नकाशावर बघून हे ‘दहा मिनिटांचं पाणी’ वाटतं, आणि असतंही साधारण तेवढंच. वेळ जातो तो रांगेत. दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत दोन-तीन फेऱ्या सुटून जातात. शेवटची फेरी कितीला, हे त्याच दिवशी धक्क्यावर विचारून घ्या. ती चुकली तर दाभोळहून चिपळूणमार्गे वळसा, तोही रात्री घाटवळणांचा.

इथेही पाणीच नडतं. कडक ओहोटीला बोट खाली जाते आणि धक्क्याचा उतार उभा होतो. खालून बसकी गाडी असेल तर पुढचा बंपर किंवा सायलेन्सर घासतो. चौघांना उतरवून रिकामी गाडी, पहिल्या गिअरमध्ये, किंचित तिरकी चढवा. उताराच्या खालच्या भागावर शेवाळ असतं, तिथे ब्रेक दाबून थांबू नका. काही फेऱ्यांत गाडी उलटी चढवावी लागते. बोटीवरचा पोऱ्या हात करेल तसंच करा, आरशात बघून स्वतःची अक्कल लावू नका. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअर आणि आरसे मिटलेले.

हरिहरेश्वर चतुर्थी-पंचमीला येईल असं बघा, तेव्हा ओहोटी सकाळी नऊ ते पावणेदहाच्या सुमाराला असते. हे महत्त्वाचं, कारण प्रदक्षिणेचा मार्ग डोंगरातल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रालगतच्या खडकावर उतरतो. भरतीला लाटा त्याच खडकावर आपटतात. माणसं वाहून गेलेली आहेत, उगाच घाबरवत नाही. पाणी उतरत असताना निघायचं, ओहोटीच्या आत पूर्ण करायचं. लाट ओसरली की काळा ओला खडक सपाट आणि निरुपद्रवी दिसतो, पण त्यावर बुळबुळीत थर असतो. पाण्याच्या कडेने न जाता डोंगराच्या कडेने चाला. लाटेच्या जाळीदार नक्षीचे फोटो दुरून छान येतात. सकाळी उशीर झालाच तर देवदर्शन करून पुढे निघा, प्रदक्षिणा पुढच्या खेपेला.

वेसवीहून केळशी, आंजर्ले, मग हर्णै. सुवर्णदुर्ग समोर दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. कुलाबा आणि जंजिरा त्यात नाहीत, तेव्हा ‘युनेस्कोवाला जंजिरा’ म्हणून कोणी काही विकत असेल तर हसून सोडा. हर्णैचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा आहे, पण तो व्यापाऱ्यांचा. मध्ये उभं राहून भाव विचारू नका. तुम्हाला हवा असलेला वाटा बाजूला बसलेल्या बायकांकडे मिळतो. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर खळगा राहू नये. आणि हजारांची खोली घेणाऱ्या माणसाने कोळणीशी वीस रुपयांवरून अर्धा तास हुज्जत घालावी, हे मला पटत नाही. माझं मत आहे, सोडून द्या हवं तर.

जेवणाचं थोडक्यात. घरगुती खानावळीत दीड-दोन तास आधी फोन करा, ऐनवेळी गेलात तर जे उरलंय ते मिळेल. उधाणाच्या दिवसांत खोल ओहोटीला कालवं, तिसऱ्या, मुळे हे शिंपले जास्त निघतात, म्हणून दिवाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत तेच मागा, पापलेटच्या मागे लागू नका. अलिबागकडचं कोळी कालवण आणि मालवणचं बांगड्याचं तिखलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालवणकडे बांगड्यात तिरफळ असतं, ते चावायचं नाही, बाजूला काढायचं. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर जीभ बधिर होऊन रडारड.

सप्तमी-अष्टमीपर्यंत मालवणला पोचलात तर भांग लागलेला असेल. हे उत्तम, कारण ओढ कमी असते आणि पाणी त्यामानाने नितळ राहतं. पाण्याखालचं बघायला मुलांना न्यायचं असेल तर हेच दिवस, आणि सकाळची वेळ. सिंधुदुर्गाला मालवण धक्क्यावरून होडी. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारं पाणी असताना या गोड्या कशा, हा प्रश्न मुलांनाच विचारायला लावा, तिथे राहणारी माणसं हौसेने सांगतात.

शेवटचं, विचारलं नाहीत तरी. गाडी पुळणीत घालू नका. ओली वाळू कडक वाटते, पण थांबलात की चाक बसतं, रेस केली की आणखी खोल जातं, आणि भरती लागलेली असेल तर हातात अर्धा तास असतो. रुतलीच तर रेस बंद, सगळ्यांना उतरवा, चारही चाकांतली हवा निम्म्यावर आणा, चाकांपुढची वाळू हाताने काढून पायपुसणी किंवा झावळ्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. एवढ्यावर निघाली नाही तर वेळ न दवडता गावात ट्रॅक्टर बघायला एकाला पळवा. ट्रॅक्टरवाला मागेल ते द्या, आणि हवा भरायचा पंप गाडीत असू द्या, कारण पुढचं पंक्चरचं दुकान लांब असतं.