डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जोड्यांची ग्लॅडिएटर स्पर्धा कशी घ्यावी?

तुम्ही म्हापशातले, डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवरचा भूमिका-खेळ खेळणारे सहा खेळाडू आणि एक डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा. चतुर्थीच्या सुट्टीत नेहमीची मोहीम बाजूला ठेवून ग्लॅडिएटर स्पर्धा घ्यायचा तुमचा बेत आहे. सामने एकतर्फी होतील आणि मित्रांत कटुता येईल, या दोन गोष्टींची तुम्हाला धास्ती वाटते. मी फोंड्यात टेबल चालवतो आणि रिंगणातली लढत हा माझा फार आवडता प्रकार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समोरच्याला ठार करणं हाच जिंकण्याचा एकमेव मार्ग ठेवलात, तर दोन्ही गोष्टी घडणार. बाकीचे सगळे नियम या एका मुद्द्यावरून ठरवा.

आधी एकतर्फीपणाचं कारण पाहू. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतली कॅरेक्टर्स जितका मार देतात तितका सोसू शकत नाहीत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डचं (जादूगाराचं) कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, १४ धरलं, तर त्याच्याकडे साधारण ३२ हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढा मार तो सोसू शकतो. त्याच लेव्हलला त्याला फायरबॉल हा आगीचा मंत्र मिळतो. सहा बाजूंचे ८ फासे, म्हणजे सरासरी २८ चा मार, तोही २० फूट त्रिज्येत. ज्याचा इनिशिएटिव्ह (चालींचा क्रम ठरवणारा फासा) आधी येईल, त्याने सामना जवळजवळ खिशात घातला. त्यातून दोनांपैकी एक जण पडला की त्या जोडीच्या निम्म्या चाली गेल्या. उरलेल्यावर दोघे तुटून पडतात आणि पुढचं सगळं आधीच ठरल्यासारखं होतं. राक्षसांशी लढताना हे जाणवत नाही, कारण तिथे डंजन मास्टर तोल सांभाळतो. इथे दोन्ही बाजूंना खेळाडूच आहेत.

म्हणून तिसऱ्या लेव्हलवर खेळा. सबक्लास (आपल्या वर्गातली खास शाखा) मिळालेला असतो, फायटरकडे अ‍ॅक्शन सर्ज (एका चालीत जादा कृती) असतो, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा रंग दाखवता येतो, पण फायरबॉल अजून हाती आलेला नसतो. होल्ड पर्सन हा जखडणारा मंत्र मात्र या लेव्हललाही येतो आणि तो रिंगणात फार जड पडतो: जखडलेल्या माणसाला पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे माराचे फासे दुप्पट. माझ्या टेबलावर पहिला घाव बसताच ती जखड सुटते, एवढा एकच बदल केला आहे. हीलिंग वर्ड या बरं करणाऱ्या मंत्रावर बंदी घालू नका. पडलेला साथीदार उठतो तेव्हा सगळं टेबल ओरडतं, तो आनंद कशाला घालवायचा?

इनिशिएटिव्ह प्रत्येकाने वेगळा टाकू नये. दोन्ही जोड्यांनी २० बाजूंचा एकेक फासा टाकायचा आणि मग चाली आळीपाळीने: या जोडीतला एक, त्या जोडीतला एक. पहिल्या चालीचा फायदा राहतोच, पण लागोपाठ दोघांनी येऊन एकाला आडवा करण्याचा प्रकार थांबतो.

आता मूळ मुद्दा, शरणागती. सिनेमे पाहून आपल्याला वाटतं की रोमन रिंगणात प्रत्येक लढत मरणापर्यंत चालायची. तसं नव्हतं. ग्लॅडिएटर तयार करायला मालकाचा पैसा आणि काळ गेलेला असायचा. गायस या रोमन कायदेपंडिताच्या ग्रंथात भाड्याचा हिशेबच दिला आहे: लढवय्या धडधाकट परतला तर २० दिनार, मेला किंवा जायबंदी झाला तर १००० दिनार. म्हणजे खेळ भरवणाऱ्याला मरण पन्नास पट महाग पडायचं. हरणारा बोट वर करून शरण यायचा, मुख्य पंच हातातली काठी घेऊन मध्ये पडायचा आणि पुढचा निर्णय खेळ भरवणारा द्यायचा. आपल्याकडच्या धिर्योत, म्हणजे बैलांच्या झुंजीतही, पाठ फिरवून पळालेला बैल हरलेला मानत आणि झुंज तिथेच संपे. न्यायालयाने धिर्योवर बंदी घातली ती योग्यच, मुक्या जनावरांचे हाल करून करमणूक नको. पण गर्दीचा श्वास हार-जितीवर अडकतो, प्रेतावर नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

हे नियमांत असं आणा. शून्य हिट पॉइंटवर कुणीच मरत नाही, सगळे बेशुद्ध पण स्थिर. जो शून्यावर पडेल त्याचे प्रतिस्पर्ध्याला ३ गुण, आणि सामना संपेपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही तर तो पुढच्या सामन्यात निम्म्या हिट पॉइंटवर उतरेल. जो आपल्या चालीला बोट वर करून शरण येईल त्याचे प्रतिस्पर्ध्याला २ गुण, तो या सामन्यातून बाहेर, पण पुढच्या सामन्यात पूर्ण ताजातवाना. शरण यायला हिट पॉइंट निम्म्याच्या खाली हवेत, आणि शरणागती नाकारता येत नाही. यातून काय होतं पाहा. हल्ला करणाऱ्याला घाई होते, कारण समोरच्याची चाल आली की तो हातून निसटेल. मार खाणाऱ्याला ठरवावं लागतं: आणखी एक राउंड तग धरू की उद्यासाठी अंग राखू? साथीदार शेजारून विनवतो, थांब रे, मी पोचतोय. रिंगणातले सगळ्यात सुंदर क्षण इथे घडतात. आणि जो हरतो त्याने स्वतः निर्णय घेऊन माघार घेतलेली असते, म्हणून कटुताही उरत नाही.

गुण मिळवायची तिसरी वाट म्हणजे जागा. माझ्या नकाशात रिंगण खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात आहे. चोडण-दिवाडीकडची खाजनं तुम्ही पाहिली असतीलच: बांध, आणि भरती-ओहोटीचं पाणी सांभाळणारी मानस, म्हणजे पाण्याचं दार. पाच फुटांचे चौकोन धरून बारा बाय बारा म्हणजे ६० फुटांचं मैदान घ्या, मधून एक बांध, बांधाच्या मध्यावर मानशीचा चौथरा. राउंड संपताना चौथऱ्यावर जी जोडी एकटी असेल तिला १ गुण. तिसऱ्या राउंडला मानस उघडते आणि बांधाखालची जमीन पाण्याखाली जाते. तिथे प्रत्येक फुटाला दोन फूट खर्च होतात, म्हणजे ३० फूट चालणारा १५ फूटच सरकतो. कोपऱ्यात उभा राहून बाण मारणाऱ्यालाही मग पुढे यावंच लागतं. चार-पाच माडही लावा. माडाआड उभं राहिलं की आर्मर क्लास, म्हणजे घाव लागायला गाठावा लागणारा आकडा, दोनने वाढतो.

सहा राउंड झाले, किंवा एका जोडीचे दोघेही बाद झाले, की सामना संपला. मग गुण मोजायचे. चौथरा धरून ठेवलेली जोडी दोघेही शरण येऊन सामना जिंकू शकते, आणि हे मी मुद्दाम ठेवलं आहे.

सहा जणांच्या तीन जोड्या करा, चिठ्ठ्या टाकून. (इ. स. पूर्व २६४ मध्ये रोमला झालेली पहिली ज्ञात ग्लॅडिएटर लढतही तीनच जोड्यांची होती.) प्रत्येक जोडी इतर दोघींशी एकदा लढते, मग वरच्या दोघींत अंतिम सामना. त्या वेळी तिसरी जोडी मोबाइल काढून बसली तर मजा गेली. तिच्या हाती रिंगण द्या: मानशीतून आलेली मगर, भिरभिरणारी गर्दी. मगर नेहमी सगळ्यात जवळच्या माणसावर जाते, म्हणजे पक्षपाताला वाव नाही. गर्दीने मात्र खुशाल पक्ष घ्यावा. आमच्याकडे रोमटामेळासारखं ‘ओस्सय ओस्सय’ सुरू झालं की शेजारी डोकावतात.

शेवटी जाळ्याबद्दल, कारण कुणीतरी जाळं-त्रिशूळवाला रेटिआरियस व्हायचं म्हणणारच. २०१४ च्या नियमांत जाळं फेकताना बहुतेक वेळा डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा) येतो, कारण त्याचा साधा पल्ला पाचच फूट आणि तेवढ्यात शत्रू अंगावर असतो. २०२४ च्या नियमांत ते सुधारलं आहे: १५ फुटांच्या आतल्या माणसाचा डेक्स्टेरिटीचा सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फासा) फसला की तो अडकतो. तुम्ही जुन्याच पुस्तकांवर खेळत असाल तरी एवढा नियम नव्यातून उचला.